अस्तराआडची टीप

वस्तूची किंमत विचारणे सोपे असते. तिचे मोल विचारणे अवघड. किमतीचे उत्तर दुकानदार देतो, मोलाचे उत्तर आपले आपणच शोधावे लागते. व्यवहारात हे दोन्ही शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि बहुधा त्यावाचून काही अडत नाही. परंतु काही वस्तूंपाशी येताच ही सोय संपते. घरी शिवलेली, चार रंगांच्या तुकड्यांची, चेन लावलेली लहानशी पिशवी ही तशी एक वस्तू आहे. पेन-पेन्सिली, औषधाच्या गोळ्या, सुटे पैसे, फार तर प्रवासातले किरकोळ साहित्य ठेवण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. तशी पिशवी बाजारात थोडक्या पैशांत मिळते आणि म्हणूनच ती घरी शिवणाऱ्याला हटकून विचारले जाते, “एवढा खटाटोप कशासाठी? विकत मिळत नाही काय?” विचारणारा हे सहज विचारतो; उत्तर मात्र तितके सहज देता येत नाही. या प्रश्नाचा पाठपुरावा केला तर श्रम, सचोटी आणि न्याय या तिन्ही विषयांशी आपली गाठ पडते, असे मला वाटते.

प्रथम सुचणारे उत्तर स्वावलंबनाचे. आपली वस्तू आपण करावी, यात एक स्वातंत्र्य आहे, असे कोणी म्हणेल. पण हे उत्तर फार दूर जात नाही. आपल्या आज्या-पणज्यांचा बटवा नाडीने आवळला जाई. पान, सुपारी, कात यांचे निरनिराळे कप्पे असलेली चंची गुंडाळून दोरीने बांधली जाई. त्यांना लागणारे बहुतेक साहित्य घरात नाही तर गावात सापडे. चेनचे तसे नाही. अमेरिकेतील व्हिटकम्ब जडसन याने १८९३ साली तिच्या पूर्वजाचे पेटंट मिळवले, ते बुटांचे बंद बांधण्याचा त्रास वाचावा म्हणून. पण ते साधन धड चालत नसे. पुढे गिडिऑन सुंडबॅक या मूळच्या स्वीडिश अभियंत्याने १९१३ च्या सुमारास दात्यात दाता बसण्याची आजची रीत सिद्ध केली; तिचे पेटंट त्याला १९१७ साली मिळाले. ‘झिपर’ हे नाव रूढ झाले ते १९२३ मध्ये गुडरिच या रबर कंपनीने आपल्या बुटांसाठी ते वापरल्यानंतर. आपण तिला नुसते चेन म्हणतो आणि तिच्यावर धावणाऱ्या तुकड्याला रनर. तात्पर्य, जिला आपण घरची पिशवी म्हणतो तिच्यात तीन-चार देशांची बुद्धी आणि कित्येक कारखान्यांचे श्रम आधीच येऊन बसलेले असतात. कापड गिरणीचे, दोरा गिरणीचा, सुई कारखान्याची. आपले असे त्यात काय, तर कात्री चालवणे आणि टीप मारणे.

गांधीजींपुढे हा प्रश्न एका निराळ्या रूपात आला होता. १९२४ साली दिल्लीत जी. रामचंद्रन् या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याशी त्यांचा जो संवाद झाला, त्यात यंत्रविरोधाला अपवाद म्हणून त्यांनी शिवणयंत्राचा उल्लेख केला. पत्नीला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र शोधले, असा त्यांचा समज होता. इतिहास इतका कोमल नाही. सिंगरने १८५० मध्ये बोस्टनच्या एका कार्यशाळेत दुसऱ्याच्या सदोष यंत्रावरून आपले यंत्र सुधारून घडवले, आणि त्याची दृष्टी नफ्यावर होती. पण ती कथा चुकीची ठरल्याने गांधीजींची कसोटी चुकीची ठरत नाही. यंत्र असावे की नसावे, यापेक्षा ते कोणाचे कष्ट हलके करते आणि कोणावर स्वार होते, हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. रामचंद्रन् यांनी लगेच पुढचे विचारले : मग ती यंत्रे करणारे कारखानेही आलेच की! ते मान्य करून, अशा कारखान्यांची मालकी राष्ट्राकडे असावी, असे गांधीजींनी सांगितले. एका सुईपासून निघालेला संवाद राज्यव्यवस्थेपर्यंत पोहोचला. तेव्हा लहान वस्तूवर मोठा विचार लादला, असा आक्षेप घेण्याचे कारण नाही. लहान वस्तूंत तो विचार असतोच.

आता प्रत्यक्ष शिवण्याकडे वळू. कारण माझ्या मते या प्रश्नाचे खरे मर्म तेथे आहे. पिशवीला बाहेरच्या कापडाचे दोन तुकडे लागतात आणि अस्तराचे तेवढ्याच मापाचे दोन. बाहेरचा तुकडा सुलट ठेवून त्यावर चेन पालथी घालतात, वर अस्तर उलटे ठेवतात आणि तिन्हींची कड एका टिपेत धरतात. दुसऱ्या अंगालाही तसेच. टीप दात्यांच्या फार जवळ गेली तर रनर कापडात अडकतो. फार दूर राहिली तर चेनची पट्टी उघडी दिसते. नंतर बाहेरची दोन कापडे समोरासमोर आणि अस्तराची दोन समोरासमोर ठेवून चहूबाजूंनी शिवायचे. मात्र अस्तराच्या तळाशी चार बोटे जागा मोकळी ठेवायची. त्यापूर्वी चेन अर्धी उघडलेली असली पाहिजे, नाहीतर शिवून झालेली पिशवी सुलटी करण्याची वाटच बंद होते. त्या मोकळ्या जागेतून सारी पिशवी बाहेर ओढून घेतात, कोपरे बोथट काडीने नीट काढतात आणि शेवटी अस्तराचे तोंड टाके घालून मिटवतात.

या कृतीत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. पिशवी आरंभापासून जवळजवळ अखेरपर्यंत उलटी शिवली जाते आणि पुरी झाल्यावर तिच्या बहुतेक सर्व टिपा बाहेरचे कापड व अस्तर यांच्यामध्ये कायमच्या झाकल्या जातात. वापरणाऱ्याला रंग दिसतात, चेन दिसते, आतले स्वच्छ अस्तर दिसते. टीप वाकडी आहे की सरळ, टोकाशी दोरा उलट मारून पक्का केला आहे की नुसताच तोडला आहे, कापडाच्या सुटणाऱ्या कडा बांधल्या आहेत की नाहीत, हे शिवणाऱ्यावाचून कोणालाही कळत नाही. मग ते नीट का करावे?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात गायगीजच्या अंगठीची कथा आहे. ती घालून अदृश्य होता येते असे कळताच एक मेंढपाळ राजाला मारून राज्य बळकावतो. आणि ग्लॉकॉन विचारतो की, पकडले जाण्याचे भय नसेल तर न्यायाने कोण वागेल? अस्तर ही शिवणाऱ्याची अंगठीच आहे. कोणी म्हणेल की, कच्ची टीप आज ना उद्या उसवेल आणि लबाडी उघडी पडेल. पण ते नेहमीच खरे नसते. उसवेपर्यंत पिशवी हरवते, जुनी होते, नाहीतर शिवणारा विसरला जातो. कचेरीच्या कामाची ज्याला सवय आहे त्याला हे सांगावयास नको. फायलीच्या आत लिहिलेली टिप्पणी पुन्हा कोणी वाचीलच असे नसते, आणि तरीही ती नीट लिहिण्याचे कर्तव्य सुटत नाही. भीती हे त्या कर्तव्याचे कारण होऊ शकत नाही. माझ्या मते कारण असे आहे : ज्याला आपण वस्तू देतो तो तिची तपासणी न करता आपल्यावर विसंबतो. तो जेथे पाहू शकत नाही तेथे आपण त्याच्या वतीने पाहावे, असा त्या विसंबण्याचा अर्थ होतो. झाकलेली टीप पक्की करणे म्हणजे त्याच्या अनुपस्थितीत त्याच्याशी सरळ वागणे.

एवढे मान्य झाल्यावर हिशेबाचा प्रश्न उरतो. घरची पिशवी ‘फुकटात’ होते, असे आपण कौतुकाने म्हणतो. कापड उरलेले असते : चोळीसाठी आणलेल्या खणाचा तुकडा, जुन्या सदऱ्याची बाही, शिंप्याकडून आलेले कात्रण. बाजाराच्या लेखी त्याला किंमत नाही, हे खरे. आपली गोधडी, बंगालची काँथा, उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंद ही सारी अशाच किंमत संपलेल्या कापडातून उभी राहिली. सिद्दी स्त्रिया कवंदीच्या कोपऱ्यांना घड्यांची लहान ‘फुले’ लावतात. त्यांनी ऊब वाढत नाही, पण त्यांवाचून कवंद पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. तेव्हा चिंध्यांना मोल आणणारी गोष्ट कापडात नव्हती, ती शिवणाऱ्या हातांत होती. आणि नेमके तेच हात आपल्या हिशेबात ‘फुकट’ धरले जातात. घरातील स्त्रीने दुपारचे दोन तास यंत्रावर घालवले तर तो तिचा छंद. तेच तास पुरुषाने कचेरीत घालवले तर ते वेतन. या शब्दयोजनेत एक अन्याय मुरलेला आहे आणि तो कौतुकाच्या आवाजात बोलला जात असल्यामुळे ध्यानी येत नाही.

याहून मोठा अन्याय शेजारच्या खोलीत असतो. बाजारातील स्वस्त पिशवी आपोआप तयार होत नाही. अशा कितीतरी पिशव्या घराघरांतून, नगावर मजुरी घेणाऱ्या स्त्रिया शिवतात. खोली तशीच, यंत्र तसेच, टीपही तशीच. आणि तरीही दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. छंद म्हणून शिवणारीला डोळे दुखू लागले की उठता येते, रंग पसंत नसला तर बदलता येतो. मजुरीने शिवणारीला यातले काहीही करता येत नाही. डझन पुरे होईपर्यंत ती उठली तर चूल अडते. अशा स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता मिळावी यासाठी इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत ‘सेवा’ची स्थापना केली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या मजुरीविषयीचा करार संमत केला तो १९९६ साली. म्हणजे जे काम हजारो घरांत दिवसाढवळ्या चालले होते, त्याला ‘काम’ म्हणावयास जगाला इतका काळ लागला. तीही अस्तराआडचीच टीप होती.

येथे हस्तश्रमाच्या भाबड्या स्तुतीपासून सावध राहिले पाहिजे. हाताने केलेले ते सारे पवित्र, असे म्हणता येत नाही. कारण नगावर राबणारी स्त्रीही हातानेच शिवते. हस्तश्रमाला प्रतिष्ठा येते ती त्याच्याबरोबर असलेल्या स्वातंत्र्याने आणि न्याय्य मोबदल्याने. म्हणून घरी पिशवी शिवणाऱ्याने आपण बाजाराहून श्रेष्ठ झालो, असे मानण्याचे कारण नाही. सर्वांनी सर्व काही घरीच शिवावयाचे ठरवले तर ज्यांची भाकर त्या मजुरीवर आहे त्यांच्या तोंडचा घास जाईल, आणि आपल्या अंगी मात्र सद्गुणाचा अहंकार येईल.

मग घरी शिवण्यातून मिळते काय? माझ्या मते एक ज्ञान मिळते आणि ते अन्य मार्गाने सहसा मिळत नाही. ज्याने एकदा चेन सरळ बसवण्यासाठी आधी धावदोरा घातला, टीप मारली, उसवली आणि पुन्हा मारली, त्याला या वस्तूत किती वेळ आणि किती लक्ष लागते ते बोटांनी कळलेले असते. त्यानंतर बाजारात टांगलेल्या पिशवीवरची चिठ्ठी त्याला निराळी दिसू लागते. कापडाची किंमत, चेनची किंमत, दुकानदाराचा नफा हे वजा जाता शिवणारीच्या वाट्याला काय उरले असेल, असा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करताना त्याची जीभ अडखळते. ही लहानशी अडखळण मला नैतिक जीवनात फार महत्त्वाची वाटते. अन्यायाचे निवारण तेवढ्याने होणार नाही. त्यासाठी संघटना लागते, कायदा लागतो. पण ज्यांना किंमत वाचता येत नाही त्यांच्याकडून या दोन्ही गोष्टींना पाठिंबा मिळण्याचा संभव कमी.

तेव्हा “विकत मिळत नाही काय?” या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर ते असे देता येईल : मिळते, आणि विकत घेण्यात काही गैर नाही. मात्र विकत घेण्यापूर्वी एखादी तरी आपल्या हाताने शिवून पाहावी. पिशवी बरी साधली तर उत्तमच. न साधली तर, बाजारात मागितले जाणारे पैसे फार नाहीत, एवढे तरी कळेल.