उभी बाटली, आडवी बाटली

भाषा माणसाच्या नीतीची चुगली करते. आमच्या इंदुरात सरकारी कागदावर ‘मदिरा’ असते, हिंदी बोलण्यात ‘शराब’ आणि मराठी घरात ‘दारू’. कोणता शब्द कोणासाठी वापरायचा, हे मात्र कोणी न शिकवता सर्वांना कळते. मजूर दारू पितो; साहेब ‘घेतात’. या कुळात ‘वाइन’ आली आणि तिने कूळच नाकारले. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचे ठरवले, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य बरेच गाजले. गदारोळ झाला, निर्णय अमलात आला नाही. वाक्य मात्र मागे उरले.

पुढे एकदा नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले, “सर, वाइन ही दारू नाही का?” वर्ग हसला. तो हसला नाही. त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती, त्यामुळे मलाही हसू आले नाही.

रसायनशास्त्राचे उत्तर सोपे आहे. द्राक्षाच्या रसातली साखर किण्व खाते आणि तिचे अल्कोहोल होते. साधारण बारा-तेरा टक्के. देशात तयार होणाऱ्या व्हिस्कीत ते बेचाळीस टक्क्यांच्या वर असते. प्रमाणात फरक आहे, जातीत नाही. किंबहुना आजीच्या फळीवरचे द्राक्षासवही आंबवूनच होते. पण त्या मुलाचा प्रश्न रसायनशास्त्राचा नव्हता. चांगल्या लोकांची दारू आणि वाईट लोकांची दारू अशा दोन जाती असतात का, हे त्याला विचारायचे होते.

हा प्रश्न मनात असतानाच काही माजी विद्यार्थ्यांनी मला नाशिकला नेले. यांत डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. वाइनची चव पारखायला ते अधूनमधून जमतात. इंदूरहून आग्रा रोडने सेंधवा, धुळे, मालेगाव ओलांडले की नाशिक. पूर्वी वाइनचे नाव निघाले की लोक नारायणगावच्या श्यामराव चौगुल्यांच्या कारखान्याचे नाव घेत. २००० साली राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली आणि नाशिकची ओळख पालटली. युरोपात द्राक्षे शरद ऋतूत खुडतात. आपल्याकडे पावसाळा संपताना छाटणी करतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये खुडणी होते. आम्ही गेलो ती जानेवारीची थंड संध्याकाळ होती.

लांब टेबलावर प्रत्येकापुढे चार पेले, थोडी बिस्किटे, पाणी आणि एक भांडे. आधी पेला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहायचा, मग हलकेच फिरवून वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात घोळवायचा, आणि हवा तर भांड्यात थुंकायचा. पांढरीसाठी रस सालीपासून लगेच वेगळा करतात, तांबडीसाठी सालीसकट आंबवतात, हे तिथल्या तरुणाने नीट समजावले. एकाला पेरूचा वास आला, दुसऱ्याला ओल्या मातीचा. मी वास सगळ्यांचे घेतले, घोट एकाचाही नाही. तेव्हा चवीबाबत माझी साक्ष ग्राह्य धरू नये. मला कोणी आग्रहही केला नाही.

हे सारे ढोंग आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तसे वाटले नाही. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीवर निबंध लिहिला, त्यात ‘डॉन किहोटे’मधली एक गोष्ट घेतली आहे. दोघे जाणकार पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, लोखंडाची. लोक दोघांची थट्टा करतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी सापडते एक जुनी किल्ली, चामड्याच्या वादीला बांधलेली. भरतमुनींनीही रस समजावताना चवीने जेवणाऱ्या माणसाचाच दाखला दिला आहे. जिभेचे शिक्षण हे खरे शिक्षण आहे. तयार कानाला सूर कळतो तसेच.

अडचण त्यापुढे सुरू होते. जाणकारीचे प्रमाणपत्र आपण हळूच चारित्र्याचे प्रमाणपत्र म्हणून वापरू लागतो. आमच्या मध्य प्रदेशाच्या २०२२ च्या अबकारी धोरणात घरी बार ठेवण्याची सोय झाली. अट वर्षाला किमान एक कोटी रुपये उत्पन्नाची. अलीराजपूर-झाबुआकडचे भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या मोहाची दारू गाळत आले. ती मागासपणाची खूण ठरली. तीच बाटलीत भरून विकायचे ठरले, तेव्हा तिचे नाव ‘हेरिटेज’ झाले. २०२३ साली दुकानांना जोडलेले अहाते, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, बंद झाले. ते योग्यच झाले, असे त्या रस्त्याने जाणाऱ्या बायका सांगतील. पण तराजू दोन आहेत, हे नाकारता येत नाही.

‘आम्ही संयमाने घेतो’ हा युक्तिवाद मी आदराने ऐकतो. घोट थुंकू शकणारा माणूस त्या क्षणी पेल्याचा मालक असतो, गुलाम नसतो. पण त्या संयमाखाली बराच आधार असतो: पोटात अन्न, घरी गाडीने सोडणारा ड्रायव्हर, उद्याची नोकरी. दिवसभर विटा वाहिलेल्या माणसाला घोट थुंकण्याचा उपदेश कोणी करावा? शिवाय शरीर वर्ग पाहत नाही. कर्करोगाला कारणीभूत पदार्थांच्या यादीत मद्य १९८८ पासून आहे, आणि कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. उंची वाइनला त्यातून सूट नाही.

तळघरात बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या. बूच ओले राहावे म्हणून. मला दुसरी आडवी बाटली आठवली. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. तळघरातल्या आडव्या बाटलीचे मोल जाणकाराची जीभ ठरवते. मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीचे मोल ठरवते ती बाई, जिने थेंबही घेतलेला नसतो, पण किंमत मात्र चुकती केलेली असते. चवीच्या न्यायालयात पहिली साक्ष प्रमाण. नीतीच्या न्यायालयात दुसरी.

म्हणून त्या मुलाला मी पुढे एवढेच सांगितले: वाइन ही दारूच आहे. तिची पारख ही कला आहे, आणि कलेचा मान कलेला द्यावा. पण पिणारा चांगला की वाईट हे पेल्यावरून किंवा नावावरून ठरत नाही; रात्री तो दार वाजवतो तेव्हा घरातली माणसे कशी उठतात, यावरून ठरते. हा नियम बंगल्यालाही लागू आहे आणि झोपडीलाही. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, “मग सर, हे घरच्यांनाच विचारायला पाहिजे.”

बरोबर आहे. कोणी विचारत नाही, एवढेच.