राजाच्या गालावरची चपराक

बाबिलोनमध्ये नवं वर्ष वसंतात, निसान्नू महिन्यात सुरू व्हायचं. त्या दिवसांतल्या उत्सवाचं नाव अकितू. पाचव्या दिवशी राजा नगरदेव मर्दुकच्या एसागिल देवळात जाई. मुख्य पुजारी त्याच्या अंगावरची राजचिन्हं उतरवी, गालावर चपराक ठेवून देई आणि कान धरून त्याला मूर्तीपुढे नेई. गुडघे टेकून राजानं सांगायचं, की आपण बाबिलोनचं वाईट केलं नाही, मानाच्या नागरिकांच्या थोबाडीत मारली नाही. मग राजचिन्हं परत मिळत आणि पाठोपाठ दुसरी चपराक. डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न, नाही आलं तर शत्रू उठणार. पुजाऱ्याला हात हलका ठेवून चालणार नव्हतं.

हा मजकूर ग्रीक अमलातल्या उशिराच्या मातीच्या पाट्यांवर सापडतो. चपराक नक्की किती जुनी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत.

आदल्या संध्याकाळी हाच पुजारी ‘एनुमा एलिश’ हे सात पाट्यांचं सृष्टिकाव्य म्हणे. त्यात मर्दुक आदिसागराची देवी तियामत हिला मारतो, सुकवायला मासा चिरावा तशी तिची दोन शकलं करतो आणि एका शकलाचं आकाश करतो. पण देवांचं राज्य त्याला जन्मानं मिळत नाही. देवांची सभा भरते, त्याची परीक्षा घेते, मग सत्ता देते. हे पठण मूर्तीसमोर चाले, श्रोता खुद्द देवच. त्या वेळी अनू आणि एन्लील या जुन्या देवांचे अनुक्रमे मुकुट आणि आसन झाकून ठेवत. जुन्या मानकऱ्यांसमोर त्यांचा मान गेल्याची हकिगत कशी वाचायची, असंच काहीसं असावं.

धर्माचा अभ्यासक रॉबर्टसन स्मिथनं 1889 मध्ये मांडलं, की प्राचीन धर्मात विधी आधी, कथा मागाहून त्याचं कारण सांगायला येते. मला हे निम्मंच पटतं. इथे कथा म्हणणं हाच विधी आहे. श्रावणात हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. राज्य दिलेलं असतं, हे कथा नुसतं सांगते. चपराक ते गालाला कळवते.

कथेतली नावं मात्र बदलता येतात. अश्शूरचा राजा सेन्नाखेरिबनं इसवी सनपूर्व 689 मध्ये बाबिलोन उद्ध्वस्त केलं आणि आपल्या राजधर्मात अकितूला जागा दिली. त्यासाठी अश्शूर नगरीबाहेर खास वास्तू उभारली, तिच्या दारावर तियामतशी लढणारा देव कोरवला. तो मर्दुक नव्हता, अश्शूर नावाचाच तिथला देव होता. ज्या शहराचा इतका राग, त्याचाच उत्सव उचलावा लागला. सत्तेला मान्यता मिळवण्याची याहून खात्रीची रीत त्याला दिसली नसावी.

उलट बाबिलोनचा राजा नबोनिदसनं राजधानी सोडून अरबस्तानातल्या तैमा इथे सुमारे दहा वर्षं काढली. मागे कारभार पाहायला मुलगा बेलशज्जर होता, पण गाल राजाचाच लागे. त्या काळच्या बखरीत वर्षामागून वर्ष तीच कोरडी नोंद येते: राजा आला नाही, अकितू झाला नाही. शेवटी तो परतला. इसवी सनपूर्व 539 च्या वसंतात अकितू यथासांग पार पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इराणी राजा सायरसचं सैन्य बाबिलोनमध्ये शिरलं.