फेब्रुवारीतलं गाव

2011 च्या फेब्रुवारीत मी आमच्याच गावात जनगणनेचा प्रगणक म्हणून फिरलो. संगमेश्वर तालुक्यातलं डोंगरउतारावरचं गाव, सात वाड्या, आणि मी तिथल्या प्राथमिक शाळेतला शिक्षक. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात घरयादी करताना दारादारावर गेरूने नंबरही मीच घातले होते. तेव्हा आंब्या-फणसाचे दिवस होते. चाकरमानी आलेले, पडवीत पोरांचा गलका, अंगणात साटं वाळत घातलेली. नऊ महिन्यांनी तेच नंबर शोधत गेलो, तर कितीतरी दारांना कुलूप. शेजारच्या काकी हातातलं काम न थांबवता सांगायच्या, "गुरुजी, ती सगळी मुंबईला. आता शिमग्याला येतील."

माणूस जिथे नेहमी राहतो तिथेच मोजायचा, हा नियम मला मान्यच होता. मोजणी 28 फेब्रुवारीला संपली. 19 मार्चला होळी पेटली आणि पालखीला खांदे कमी पडले नाहीत. माझ्या कागदावर यांतले बरेच खांदे नव्हते.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती. 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. सिंधुदुर्गातही माणसं घटली. राज्य वाढत होतं, कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली होती, तरी हे घडलं. रूळ आले की माणसं गावात टिकतील, असं आम्ही तेव्हा धरून चाललो होतो. रेल्वेने सणाला येणं सोपं केलं, तसं जाणंही सोपं केलं. त्याच जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया निघाल्या. हा आकडा मला आमच्या एसटीच्या थांब्यावर रोज सकाळी दिसतो : देवरुखला निघालेल्या बाया, हायस्कूलच्या मुली, दोन-चार म्हातारे.

आमच्याकडे वस्तीची गाडी येते. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन आलेले चालक-वाहक रात्री देवळाजवळच्या खोलीत झोपतात आणि सकाळी तीच गाडी तालुक्याला जाते. सकाळी औषधाची चिठ्ठी वाहकाकडे द्यायची, संध्याकाळी गोळ्या हातात. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, 2023 च्या मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट. आमच्या थांब्यावरचे बहुतेक लोक या दोन सवलतींत बसतात. नणंदेला भेटायला वर्षातून एकदा जाणारी बाई आता महिन्याने जाते. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

जनगणनेच्या ग्रामसूचीत बससेवेचा एक रकाना असतो : गावात आहे की नाही. आमच्या गावापुढे 'आहे' असंच येणार, आणि ते खरंही आहे. पण वरच्या वाडीतून थांब्यावर उतरायला पाऊण तास लागतो. पावसात मधल्या पऱ्याला पाणी आलं की आजारी माणसाला खुर्चीला बांबू बांधून खाली आणावं लागतं. अंतर गावापासून मोजलं जातं. चालावं लागतं ते वाडीपासून.

फेरी टिकते ती भारमानावर, म्हणजे गाडी किती भरते त्यावर. गणपतीत याच रस्त्याला मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. फेब्रुवारीत दुपारी सात-आठ माणसं. फेरी बंद झाली तर आधी नववी-दहावीच्या मुलींची शाळा सुटेल. मग त्यांच्या आया मुलांना घेऊन नवऱ्याकडे मुंबईला जातील, आणि पुढच्या प्रगणकाला आणखी कुलपं दिसतील. म्हणून दुपारची फेरी रिकामी दिसली की मी काम नसतानाही तालुक्याला जाऊन येतो.

पुढची मोजणी 1 मार्च 2027 ची, म्हणजे पुन्हा शिमग्याआधीची. मी आता निवृत्त आहे. माझे गेरूचे नंबर पावसाने धुऊन गेले. एकच, पत्र्याच्या आडोशाला, अजून वाचता येतो. तेव्हा त्या दाराला कुलूप होतं. त्या घरातला धाकटा मुलगा मुंबईची नोकरी सोडून परत आलाय. परवा संध्याकाळच्या गाडीने त्याने काजूची कलमं आणली. वाहकाने ती मागच्या सीटखाली ठेवू दिली, आणि थांब्यावर उतरवायला आम्ही सगळ्यांनी हात लावला.