वाचनमालेतील घर : विविधता, विषमता आणि ‘द ब्लूएस्ट आय’

शालेय शिक्षणातील वांशिक प्रश्नाची चर्चा करताना ‘विषमता’ आणि ‘विविधता’ हे दोन शब्द बहुधा जोडीने वापरले जातात. अभ्यासक्रमात विविधता आली की त्या प्रमाणात विषमता घटते, असे त्यामागील गृहीत असते. हे गृहीत तपासून पाहावयास हवे. कारण विविधता हा पाठ्यवस्तूचा गुण आहे आणि विषमता हा माणसामाणसांतील संबंध आहे. एकीने दुसरीची भरपाई होते काय, हा प्रश्न शिक्षणशास्त्राइतकाच नीतीचाही आहे. टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या पहिल्या कादंबरीने तो ज्या नेमकेपणाने उभा केला आहे, तसा तो समित्यांच्या अहवालांतून क्वचितच आढळेल.

अमेरिकेत १९३० पासून तीन-चार दशके असंख्य मुले ‘डिक आणि जेन’च्या वाचनमालेवरून वाचायला शिकली. आई, वडील, मुलगा, मुली, कुत्रा, मांजर आणि नीटनेटके घर एवढेच तिचे विश्व; आणि त्यातील कुटुंब अर्थातच गौरवर्णीय व सुखवस्तू. १९६५ साली या मालेत प्रथमच एक कृष्णवर्णीय कुटुंब आले. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात झालेला हा बदल क्षुल्लक म्हणता येणार नाही. परंतु या कुटुंबाला प्रवेश मिळाला तो आधीच ठरून गेलेल्या चित्रात, त्याच निर्वेध जगाचे शेजारी म्हणून. घर कशाला म्हणावे, याची व्याख्या बदलण्याची गरज कोणाला भासली नाही.

मॉरिसन यांनी कादंबरीच्या आरंभी याच वाचनमालेच्या धर्तीचा एक उतारा तीनदा छापला आहे. पहिल्यांदा तो विरामचिन्हांसह येतो, दुसऱ्यांदा विरामचिन्हे गळतात, तिसऱ्यांदा शब्दांमधील अंतरही नाहीसे होऊन अक्षरांची सलग भिंत उभी राहते. पुढे याच भिंतीचे तुकडे काही प्रकरणांच्या माथ्यावर येतात. घराचा तुकडा येतो तो ब्रीडलव्ह कुटुंबाच्या, बंद पडलेल्या दुकानात थाटलेल्या बिऱ्हाडावर. वडिलांचा तुकडा येतो तो पोटच्या मुलीवर बलात्कार करणाऱ्या चॉलीवर. या योजनेकडे केवळ उपरोध म्हणून पाहणे अपुरे ठरेल. मूल ज्या संहितेवरून अक्षरे ओळखू लागते, तिच्यावरूनच घर, आई, सौंदर्य या शब्दांचे अर्थही शिकते. आणि आपले घर त्या अर्थात बसत नाही, हे त्याला वाचता येऊ लागताच कळते. साक्षरता आणि अवमान यांचा येथे एकच धडा होतो.

कादंबरी घडते ती ओहायो राज्यातील लोरेन या गावी, १९४१ च्या सुमारास. हे उत्तरेकडील गाव आहे, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावयाची. दक्षिणेप्रमाणे येथे शाळा कायद्याने वेगळ्या केलेल्या नाहीत. तरीही अकरा वर्षांची पिकोला दोघांसाठी असलेल्या बाकावर एकटी बसते. साऱ्या वर्गात असे एकटे बसणारे मूल तेवढेच. शिक्षिका तिच्याकडे पाहणे टाळतात. पिकोलाला हवे आहेत निळे डोळे; ते मिळाले तर जग आपल्याशी वेगळे वागेल, असे तिला वाटते. तिचे हे अनुमान खुळे म्हणता येत नाही. तिला मिळालेल्या शिक्षणातून निघणारा तो तर्कशुद्ध निष्कर्ष आहे.

क्लॉडिया ही निवेदक मुलगी मात्र नाताळात मिळालेली निळ्या डोळ्यांची बाहुली मोडून पाहते. जिला सगळे सुंदर म्हणतात तिच्यात आहे तरी काय, हे तिला शोधावयाचे आहे. हा प्रसंग वाचताना केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचे प्रयोग आठवल्यावाचून राहत नाहीत. रंग सोडता सर्वस्वी सारख्या बाहुल्या त्यांनी लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्यात वंशभेदाने वेगळ्या केलेल्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा हवाला दिला. निकालाची थोरवी वादातीत आहे. पण इजा शोधली गेली ती काळ्या मुलाच्या मनात, त्याच्या न्यूनभावनेत. गोरी बाहुली सुंदर कोणी ठरविली, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. तो क्लॉडियाने हाती घेतला, आणि तोही भुसा काढून पाहण्याच्या रीतीने!

झोरा नील हर्स्टन यांनी १९५५ साली एका वृत्तपत्राला पत्र लिहून या निकालाला विरोध केला. गोऱ्यांच्या शेजारी बसल्यावाचून काळ्या मुलाचे शिक्षण होत नाही असे मानण्यातच अपमान आहे, असा त्यांचा रोख होता. विलगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी या पत्राचा सोयीस्कर उपयोग करून घेतला. हर्स्टन यांचा निष्कर्ष स्वीकारता येत नाही. वेगळ्या शाळांना समान पैसा देण्याची दानत दक्षिणेतील सत्तेने कधीच दाखविली नव्हती. स्वाभिमानाचा मुद्दा मात्र खोडून काढता येत नाही. एकत्रीकरणाच्या ओघात बंद पडल्या त्या मुख्यतः काळ्यांच्या शाळा, आणि हजारो काळ्या शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर एकत्रीकरण टाळण्यासाठी १९५९ ते १९६४ या काळात सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या.

‘विविधता’ या शब्दाचे चरित्रही पाहण्यासारखे आहे. शाळांच्या खर्चात मालमत्ता करामुळे पडणारी तफावत घटनेचा भंग करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ठरविले. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या एकत्रीकरणाची जबाबदारी भोवतालच्या उपनगरांवर टाकण्यास नकार दिला. विषमतेवरील इलाज असे आकुंचित होत असताना १९७८ च्या ‘बॅकी’ खटल्यात, विद्यापीठ-प्रवेशाच्या संदर्भात, न्यायमूर्ती पॉवेल यांनी सामाजिक अन्यायाची भरपाई हे कारण अमान्य करून विद्यार्थीवर्गाची विविधता हे कारण मान्य केले. विविधतेने सर्वांचेच शिक्षण समृद्ध होते, हा त्यामागील युक्तिवाद. त्यात काळा विद्यार्थी हक्कदार राहत नाही. तो दुसऱ्याच्या शिक्षणाची सामग्री होतो. आणि हा उसना आधारही टिकला नाही. सिएटल व लुईव्हिल येथील शाळांच्या स्वेच्छेने आखलेल्या योजना २००७ मध्ये रद्द झाल्या, आणि २०२३ मध्ये विद्यापीठ-प्रवेशातील वंशाचा विचारही.

पाठ्यपुस्तकातील प्रतिनिधित्वाला मोल नाही, असा याचा अर्थ नाही. कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये निग्रो इतिहास सप्ताह सुरू केला, तेव्हा शाळेतील मौन आणि शाळेबाहेरील हिंसा यांचे नाते त्यांनी ओळखले होते. प्रश्न आहे तो कोणत्या अटींवर प्रवेश मिळतो याचा. ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तिदात्यांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांच्या भाषेतील वाचकाला तो परका वाटू नये. जात आणि वंश यांचे सरधोपट समीकरण मांडण्याचे कारण नाही. पण दलित आत्मकथनाचा उतारा पाठ्यपुस्तकात येतो तेव्हा त्याला शब्दार्थ लागतात ते भाषा वेगळी म्हणून, आणि शेजारच्या धड्याला लागतात ते शब्द कठीण म्हणून. हा फरक मुलांच्या ध्यानात येत नाही असे समजणे भाबडेपणाचे होईल.

अमेरिकेतील शाळांमधून काढून टाकण्याची मागणी ज्या पुस्तकांबाबत वारंवार होते, त्यांत ‘द ब्लूएस्ट आय’ आहे. लैंगिक अत्याचाराचे चित्रण हे कारण पुढे केले जाते, आणि कोवळ्या वयाच्या वाचकाचा विचार करता ते सर्वस्वी पोकळ नाही. पण ही कादंबरी शिकविली जाते तेथेही एक अडचण उरतेच. पिकोलाला काय वाटले असेल, हा प्रश्न स्वाध्यायात सहज बसतो. तिच्या बाकावरील दुसरी जागा रिकामी ठेवणाऱ्या मुलांविषयी आणि नजर चुकविणाऱ्या शिक्षिकांविषयी विचारायचे झाले, तर उत्तर देण्याची पाळी वाचणाऱ्या वर्गावर येते, आणि शिकविणाऱ्यावरही.