उपाधीचा हिशेब

घट फुटला म्हणजे घटाकाश महाकाशात विलीन होते, आणि विलीन होते असे म्हणणेही केवळ व्यवहारापुरतेच, कारण ते महाकाशाहून वेगळे कधी झालेलेच नव्हते, हा दृष्टान्त गौडपादाचार्यांनी माण्डूक्यकारिकेच्या अद्वैतप्रकरणात मांडला, आणि पुढे वेदान्ताच्या परंपरेने तो इतका रुळवला की, कीर्तन ऐकणाऱ्या सामान्य श्रोत्यालाही तो तोंडपाठ असतो. आत्म्याचे अखंडत्व दाखविणे हे त्याचे प्रयोजन, आणि त्या प्रयोजनापुरता तो निर्दोष आहे. परंतु त्यातून एक अनुमान आपण बहुधा नकळत काढून बसतो. ते असे की, ज्या अर्थी घटाने आकाशात काडीचाही फरक पडत नाही, त्या अर्थी घटाची घडण कशी आहे याला काही महत्त्व नाही. देह, भाषा, आचार, संप्रदाय या साऱ्या उपाधी म्हणजे सत्याच्या वाटेतील अडसर असून, त्या जितक्या लवकर झुगारून द्याव्या तितके बरे. हे अनुमान यथार्थ आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचाराला सूक्ष्मतरंगांच्या दळणवळणाची यंत्रसामग्री मोठी साहाय्यभूत होते, कारण तिच्यात पोकळी ही मुख्य वस्तू असून धातू तिच्या सेवेस हजर असतो. वेव्हगाइड नावाची जी आयताकृती पोकळ नळी या यंत्रांत रेडिओतरंग वाहून नेते, तिच्या एका सर्वत्र प्रचलित नमुन्याची आतील रुंदी 22.86 मिलिमीटर व उंची 10.16 मिलिमीटर असते. भिंत सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड असली, तरी तरंगाशी खरा संबंध येतो तो तिच्या आतल्या पृष्ठाच्या अत्यंत पातळ थराचा. दहा गिगाहर्ट्झ वारंवारतेला तांब्यामध्ये हा थर एक सहस्रांश मिलिमीटरच्याही दोनतृतीयांश इतकाच भरतो, आणि उरलेली जाडी केवळ नळीने वाकू नये व बोल्टांनी ती घट्ट आवळता यावी एवढ्यासाठी असते. म्हणून कारागीर आतले पृष्ठ गुळगुळीत करतो, प्रसंगी त्यावर चांदीचा मुलामा चढवितो, आणि जोडाच्या ठिकाणी दोन चकत्या एकमेकींवर तंतोतंत बसाव्यात यासाठी जिवापाड मेहनत घेतो. कारण तेथे राहिलेली बारीकशी फट किंवा पायरी तरंगाचा काही अंश मागे परतविते.

आता या नळीतल्या आकाशाचे वर्तन पाहावे. बाहेरच्या मोकळ्या अवकाशात कोणत्याही वारंवारतेच्या तरंगाला मज्जाव नाही. परंतु या नळीत सुमारे 6.56 गिगाहर्ट्झच्या खालचा तरंग शिरला, तर तो थोड्याशा अंतरातच क्षीण होऊन जातो, कारण त्याची अर्धी लांबी नळीच्या रुंदीत मावत नाही. त्याच्या वरचा योग्य तरंग मात्र इकडेतिकडे न विखुरता, अल्पशी झीज सोसून, जवळजवळ संपूर्ण पलीकडे पोहोचतो. 1895 साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी मिलिमीटरच्या मापाच्या तरंगांचे जाहीर प्रयोग केले, आणि पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते दाखविताना त्यांनी पोकळ नळ्या व नरसाळ्यासारखी मुखे वापरली. 1897 साली लॉर्ड रेली यांनी अशा नळ्यांतील तरंगांचे गणित सिद्ध केले. त्या गणिताचा इत्यर्थ असा की, भिंत तरंगाला जन्म देत नाही, पण त्याने कसे चालावे हे ठरविते. मर्यादा ही येथे केवळ भासमान नाही; ती कार्यकारी आहे.

परंतु मर्यादा कार्यकारी आहे एवढ्यानेच तिचा गौरव करणे हेही घाईचे होईल, कारण जी भिंत तरंगाला वाट देते तीच त्यात आपला स्वतःचा स्वर मिसळते. कोणताही धातू परिपूर्ण वाहक नसतो. तो तरंगाचा अल्पांश शोषून घेतो, आणि जे शोषते ते आपल्या उष्णतेच्या प्रमाणात उत्सर्जनही करते, असा निसर्गाचा कायदा आहे. या उत्सर्जनाला अभियंते गोंगाट म्हणतात आणि तो तापमानाच्या अंशांत मोजतात.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील होल्मडेल येथे क्रॉफर्ड टेकडीवर बेल प्रयोगशाळेने इको नामक फुग्यासारख्या उपग्रहावरून परतणारे दुर्बळ संदेश टिपण्यासाठी जो प्रचंड ॲल्युमिनियमचा कर्णा उभारला, त्याची सारी घडण या गोंगाटाच्या धास्तीतून झाली होती. त्याचे मुख सुमारे सहा मीटर लांबीरुंदीचे. बाजूंच्या भिंती अशा की, तापलेल्या भूमीचे उत्सर्जन आत शिरू नये. कर्ण्याचा अक्ष आडवा ठेवून तो एका मोठ्या चक्रात स्वतःभोवतीच फिरेल अशी योजना केल्यामुळे, मुख क्षितिजाकडून खस्वस्तिकाकडे वळले तरी निमुळत्या टोकाशी असलेली खोली तसूभरही कलत नसे, आणि द्रव हेलियमने थंड ठेवलेली उपकरणे तिच्यात स्थिर उभी राहू शकत.

याच कर्ण्याने आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1964 व 1965 साली 4080 मेगाहर्ट्झवर आकाशाचे मापन केले, तेव्हा हिशेबापेक्षा अधिक गोंगाट हाती आला. त्यांनी त्याला आकाशवाणी मानले नाही. दोष प्रथम स्वतःच्या यंत्राकडे घेतला. कर्ण्यात वस्तीला आलेली पारव्यांची जोडी हलविली, त्यांची विष्ठा खरवडून काढली, रिव्हेटांच्या सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटविली. फारसा फरक पडला नाही. मग जमाखर्च मांडला. एकूण जमा 6.7 केल्व्हिन, त्यातून, कर्णा वेगवेगळ्या कोनांत कलवून निश्चित केलेला वातावरणाचा वाटा 2.3 वजा, कर्ण्याचा धातू व मागच्या बाजूने झिरपणारे उत्सर्जन यांचा वाटा 0.9 वजा, बाकी 3.5, तीत सुमारे एका अंशाची चूक संभवते हे कबूल करून. ही बाकी सर्व दिशांना सारखी होती आणि ऋतुमानाप्रमाणे बदलत नव्हती. विश्वाच्या आरंभकाळचा तो अवशिष्ट प्रकाश होता, असा तिचा अर्थ पुढे लागला, आणि 1978 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून विज्ञानाने वेदान्त सिद्ध केला असे म्हणणे दोघांचाही उपमर्द करणे होईल. माझे म्हणणे साधनेच्या रीतीपुरते आहे. ‘नेति नेति’ या श्रुतीचा अर्थ आपण पुष्कळदा उपाधीचा नुसता नकार असा घेतो. होल्मडेलचा नकार निराळ्या जातीचा होता. तेथे कर्णा मोडून आकाश ऐकता आले नसते, आणि कर्ण्याचा स्वतःचा स्वर शून्यावरही आणता आला नाही. तो 0.9 होता व 0.9 म्हणूनच नोंदला गेला. उपाधी नाहीशी झाली नाही, तिचा हिशेब पुरा झाला. आणि तो पुरा झाला म्हणूनच बाकीवर विश्वास ठेवता आला. अद्वैताच्या आचार्यांनीही कर्माला ज्ञानाचे साक्षात् कारण न मानता चित्तशुद्धीचे साधन मानले, त्यातील मर्म मला हेच वाटते: अंतःकरण हे श्रवणाचे उपकरण आहे, आणि उपकरणाची शुद्धी ही श्रवणाची पूर्वअट आहे.

म्हणून आचार पाळावा की सोडावा, मूर्ती असावी की नसावी, संप्रदाय तारक की मारक, या आपल्याकडच्या जुन्या वादांत दोन्ही पक्ष जो प्रश्न विचारतात तो मला अपुरा वाटतो. भिंतीवाचून कोणालाच गत्यंतर नाही. निर्गुणाची भाषा बोलणारासही ती भाषा हीच भिंत आहे. विचारावयाचे ते हे की, या आचारात, या संप्रदायात, या माझ्या मनात, त्याचा स्वतःचा गोंगाट किती, आणि तो कोणी कधी प्रामाणिकपणे मोजला आहे काय? अहंकार, जातीचा ताठा, वंशपरंपरागत भय, गुरूविषयीचा अंध मोह, या रकमा ज्याने खर्ची टाकल्या नाहीत, त्याच्या जमेला कितीही मोठा आकडा असला तरी तो ईश्वराच्या नावावर लिहिण्याचा त्याला अधिकार नाही. आणि ज्याने त्या एकेक करून वजा केल्या, त्याच्या हाती उरलेली बाकी कितीही अल्प असो, ती त्याने निर्भयपणे खरी मानावी.