विटेएवढी कोरडी जागा



गेल्या पावसाळ्यात माझा नातू मित्रांबरोबर मुळशीच्या तलावाकाठी तंबू ठोकून एक रात्र राहायला गेला. सकाळी घरी आला तो नखशिखांत भिजलेला, दात वाजत असलेला. सुनेने अंग पुसायला पंचा दिला, चहा दिला. थोडी ऊब आल्यावर मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही वारीत इतकी वर्षे राहुटीत काढली. कोरडे कसे राहिलात?"

मला जे ठाऊक होते ते सांगितले. यंदा प्रथमच वारीला निघणाऱ्या माउलींच्या उपयोगी पडेल म्हणून येथेही सांगतो. जागा उंचवट्याची धरावी. सपाट, मऊ गवताची खोलगट जागा दिसायला गोड, पण पाणी तिथेच येते. राहुटीभोवती वीतभर चर खणून उताराकडे वाट काढून द्यावी. सुती दोरी भिजली की आखडते आणि मेख उपटते, म्हणून ती किंचित सैल बांधावी. नायलॉनची दोरी उलट भिजून सैल पडते, ती रात्री एकदा उठून ताणावी. खालच्या ताडपत्रीची कड राहुटीबाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर वरून ओघळलेले पाणी तीच आत घेऊन येते. ओल वरून येते त्याहून अधिक खालून येते, म्हणून अंगावर दोन पांघरुणे घेण्यापेक्षा एक अंगाखाली घालावे. भाताचा पेंढा मिळाला तर त्यासारखी गादी नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत घट्ट बांधून ठेवावा आणि तो फक्त झोपताना काढावा. आणि दार अगदी घट्ट लावून घेऊ नये. माणसांच्या श्वासाची वाफ कापडाला लागते, तिचे पाणी होते आणि पहाटे तेच अंगावर ठिबकते.

"म्हणूनच!" नातू म्हणाला. "आम्ही सगळे गच्च बंद केले होते." मग जरा थांबून खालच्या मानेने म्हणाला, "रात्री शेजारच्या तंबूतली दोन पोरं आली होती. त्यांचा तंबू पडला होता. आम्ही आधीच पाच जण. आत घेतले नाही. घेतले असते तर सगळेच भिजलो असतो. चुकलं का आमचं?"

संतसज्जनहो, पन्नास वर्षे मी कीर्तनात लोकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता आले नाही. कारण तीच रात्र माझ्याही पदरी आहे.

पस्तीस-चाळीस वर्षे झाली असतील. माउलींच्या पालखीचा मुक्काम जेजुरीला होता. दिवसभर पाऊस, रात्री वाराही सुटला. आमच्या राहुटीत पंधरा माणसांची जागा, त्यात वीस जण कुशीवर झोपलेले. मी दाराशी होतो. मध्यरात्री एक म्हातारी कनातीपाशी आली. "माउली, कोपऱ्यात बसते," एवढेच म्हणाली. आतून कोणी म्हणाले, "जागा नाही, बाई. तुमच्या दिंडीकडे जा." मी काही बोललो नाही. मी फक्त दाराची दोरी ओढून गाठ मारली. त्या संध्याकाळी मी भूतदयेवर कीर्तन केले होते.

सकाळी तिला शोधले. ट्रकच्या खाली पाहिले, पाण्याच्या टँकरपाशी पाहिले. ती दिसली नाही. पुढच्या मुक्कामी समाजआरतीला मी कान देऊन उभा होतो. आपल्याला ठाऊकच आहे, चोपदारांनी दंड उंचावला की सारा तळ शांत होतो, आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकतात. त्या दिवशी सगळे टाळ थांबले. त्या म्हातारीची तक्रार होती, पण तिच्याकडे टाळ नव्हते.

आता विचार करू. कोरडे राहावेसे वाटणे हा दोष आहे काय? मी तसे मानत नाही. खुद्द माउलींच्या पादुकांना मुक्कामी तंबू असतो. अंकलीच्या शितोळे सरकारांनी ती सेवा आपली मानली. ज्या देहाने पंढरी गाठायची तो तापाने फणफणला तर वारी कशी व्हावी? अंग मुद्दाम भिजवून घेण्यात परमार्थ नाही, अभिमानच अधिक आहे. आणि आतून "जागा नाही" म्हणणारा गृहस्थही खोटे बोलला नव्हता. वीस जणांनी भिशी भरली होती, त्यांत दोघे तापाचे होते. आत असलेल्यांना सांभाळणे हेही कर्तव्यच.

तरीही ती गाठ मला का बोचते? याचा उलगडा मला दोन दृष्टांतांनी झाला.

पहिला दक्षिणेकडचा. तमिळ देशातील वैष्णव संतांना आळ्वार म्हणतात. त्यांतले पहिले तिघे तिरुक्कोवलूर क्षेत्री एका अंधाऱ्या पावसाळी रात्री एकत्र आले, अशी कथा आहे. पहिला एका घराच्या अरुंद वाटेत आडवा झाला होता. दुसरा आला तेव्हा पहिला म्हणाला, येथे एकाला झोपता येते, पण दोघांना बसता येते. तिसरा आला तेव्हा दोघे म्हणाले, दोघांना बसता येते, पण तिघांना उभे राहता येते. तिघे उभे राहिले आणि त्यांना कोणी चौथा अंगाला दाटून उभा आहे असे जाणवले. तो भगवंत होता. आम्ही वीस जण झोपलो होतो. वीस जण बसलो असतो तर एकविसावी सहज मावली असती.

दुसरा दृष्टांत आपल्या घरचा. पुंडलिकरायाच्या दारी देव आला. पुंडलिकाने त्याला आत घेतले नाही. आई-वडिलांची सेवा चालू होती, ती सोडून उठणे त्याला योग्य वाटले नाही. म्हणजे नकाराला कारण होते, आणि कारण खरे होते. पण तो नुसता नकार देऊन थांबला नाही. हाताशी वीट होती, ती त्याने पुढे केली. अंगणातल्या चिखलात एका माणसाने उभे राहावे एवढी कोरडी जागा दिली. देव त्या विटेवर रागावला नाही. अजून तिच्यावर उभा आहे.

म्हणून माझी चूक म्हातारीला आत न घेण्याएवढीच नव्हती. खरोखर जागा नसते, असे प्रसंग येतात. माझी चूक ही की मी वीटही दिली नाही. उशाखाली प्लॅस्टिकचा कागद होता, अंगावर घोंगडी होती, ट्रकच्या हौद्यात पिशव्यांमध्ये एका माणसाची जागा झाली असती. यातले काही सुचण्याआधी माझ्या हाताने गाठ मारली.

आम्हा मुळशीकरांनी तरी हे विसरू नये. विजेसाठी धरण होऊ लागले, 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. माझ्या आजीचे माहेर त्यातच गेले. घर सुटल्यावरचा पहिला पावसाळा त्यांनी परक्याच्या गोठ्यात काढला. आजी म्हातारपणी बरेच विसरली होती, पण त्या घरच्या बाईने ओल्या जमिनीवर पसरायला दिलेला कोरडा पेंढा ती शेवटपर्यंत विसरली नाही.

जेजुरीच्या त्या रात्रीनंतर मी वारीत एक घोंगडी आणि एक मेणकापड जास्तीचे नेऊ लागलो. ते कुणाचेच नाही, दाराशी येईल त्याचे. काही वर्षी ते तसेच घडी न मोडता घरी आले, काही वर्षी परत आलेच नाही. दोन्ही वेळी बरे वाटले. पण त्याने ती जुनी गाठ सुटली असे मी म्हणणार नाही.

नातवाला मी एवढेच सांगितले, "बाळा, चुकलं. माझंही चुकलं होतं. पुढच्या वेळी जाशील तेव्हा एक चादर जास्तीची ने."

तो म्हणाला, "आणि दार थोडं उघडं ठेवायचं ना, वाफेसाठी?"

"हो," मी म्हणालो, "वाफेसाठी. आणि हाक ऐकू यावी म्हणूनही."

यंदा वारीला निघणाऱ्या माउलींनो, राहुटी नीट ठोका, चर खोल खणा, सुखाने झोपा. निघताना सामानात एक वीट मात्र आठवणीने घ्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.