शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव

रायगडच्या खेड्यांत बेने इस्राएल ही ज्यू मंडळी तेलाचे घाणे चालवत. शनिवारी मात्र घाणा बंद. शेजाऱ्यांना शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, कुठून ठाऊक असणार? त्यांनी दिसलं तेवढ्यावरून नाव ठेवलं, ‘शनवार तेली’. या दोन शब्दांत एका समाजाचा आचार नोंदला गेला.

परक्यांच्या अशा बोलण्याचं मोल ओळखणारे एक इतिहासकार होते, मेनाहेम श्टेर्न. जन्म १९२५ चा, पोलंडमधल्या बियालिस्टोकचा. १९३८ साली ते पॅलेस्टाईनला आले. मागे राहिलेल्या त्या शहरातले ज्यू पुढे नाझींनी जवळजवळ संपवले. श्टेर्न जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात प्राचीन ज्यू इतिहासाचे प्राध्यापक झाले. हेरोडोटसपासून सिम्प्लिकियसपर्यंत, सुमारे हजार वर्षांत ग्रीक आणि रोमन लेखकांनी ज्यूंविषयी जे जे लिहिलं, ते त्यांनी वेचून काढलं. १९७४ ते १९८४ या काळात त्याचे तीन खंड निघाले. आधी मूळ उतारा, मग भाषांतर, मग टिपा. कौतुक असो की कुचाळकी, प्रत्येकाला हीच पंगत.

त्यात रोमन तत्त्वज्ञ सेनेका कुरकुरतो, की दर सातवा दिवस रिकामा घालवणारे हे लोक आयुष्याचा जवळजवळ सातवा हिस्सा वाया घालवतात. रोमन इतिहासकार टॅसिटस तर ज्यूंच्या मंदिरात गाढवाची मूर्ती असल्याची कंडी पिकवतो. पण त्याच तिरसट प्रकरणात तो लिहून जातो, की जन्मलेलं मूल मारणं हे लोक पाप समजतात. यांना आपली संख्या वाढवायची आहे, असं त्याचं म्हणणं. नकोसं मूल उघड्यावर टाकून देणं ज्या रोममध्ये खपत होतं, तिथल्या माणसाला ही गोष्ट नोंदवण्याजोगी वाटली! निंदा करायला बसलेला माणूस नकळत साक्ष देऊन गेला.

२२ जून १९८९ रोजी श्टेर्न जेरुसलेममध्ये पायी ग्रंथालयाकडे निघाले होते. वाटेतच त्यांची भोसकून हत्या झाली. त्यांचे खंड मात्र आजही अभ्यासकांच्या हाताशी असतात.

कुणी टोचून बोललं, की आपण आधी विचारतो, ‘हा कोण सांगणारा?’ राग थोडा निवला, की आणखी एक प्रश्न विचारून पाहावा. याला नेमकं दिसलं तरी काय?